दान, दानू आणि डानान : केल्टिक पुराणकथा व इस्राएलचे वंश यांच्यातील नात्याची तीन स्पष्टीकरणे

आयर्लंडच्या प्राचीन कथा वाचायला घेणाऱ्या माणसाच्या हाती फार लवकर एक चमत्कारिक माहिती लागते. या कथांमधील देवसदृश लोकांचे नाव ‘तुआहा डे डानान’ असे आहे. बायबलमधील याकोबाच्या बारा मुलांपैकी एकाचे नाव ‘दान’ आहे. या दानाचा वंश इ.स.पू. ८व्या शतकातील असिरियन आक्रमणानंतर परंपरेने ‘हरवलेले’ मानल्या गेलेल्या दहा वंशांपैकी एक आहे. तेव्हा आयर्लंडचे ते देव म्हणजे जहाजांतून पश्चिमेकडे गेलेले दानवंशीय इस्राएलीच होत, असे ठामपणे सांगणारी पुस्तके आणि चित्रफिती मुबलक आहेत. विद्यापीठांतील केल्टिक (म्हणजे आयरिश, वेल्श इत्यादी भाषांच्या) अभ्यासकांचे ग्रंथ उघडले, तर तेथे बायबलशी असलेले साम्य नाकारलेले नसते. परंतु ते मध्ययुगीन ख्रिस्ती मठांत घडवले गेले, असे सांगितलेले असते. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या ग्रंथांत तर इस्राएल बाजूलाच राहते आणि बोट थेट ऋग्वेदाकडे वळते.

या कथा गंभीरपणे वाचू इच्छिणाऱ्याला तीनपैकी एका स्पष्टीकरणाची निवड करावी लागते, कारण एकच कथा तिन्ही चौकटींत तीन निरनिराळे अर्थ देते. ही निवड सोपी व्हावी, यासाठी पुढे नावे, ग्रंथ, दगड, भाषा आणि जनुके या पुराव्यांवर तिन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. माझा कल लपवण्याचे कारण नाही: बायबलशी असलेले साम्य खरे आहे, पण त्याचा जन्म इ.स.पू. ७२२ मधील शोमरोनच्या (इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याच्या राजधानीच्या) पाडावात झालेला नसून ११व्या शतकाच्या आसपास आयरिश मठांतील लेखनाच्या मेजावर झालेला आहे.

तिन्ही बाजूंचा परिचय

पहिली बाजू ‘ब्रिटिश इस्राएलवाद’ या नावाने ओळखली जाते. तिचे मूळ आयर्लंडमध्ये नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. १७९०च्या दशकात रिचर्ड ब्रदर्स या माजी नौदल अधिकाऱ्याने आपण ब्रिटनमधील छुप्या इस्राएली लोकांचे नेते असल्याचे लंडनमध्ये जाहीर केले आणि अखेर त्याची रवानगी वेड्यांच्या रुग्णालयात झाली. या विचाराला प्रतिष्ठित रूप दिले ते जॉन विल्सन यांच्या १८४० मधील पुस्तकाने आणि १८७०च्या दशकात एडवर्ड हाइन यांच्या व्याख्यानांनी. तो काळ साम्राज्याच्या भरभराटीचा होता, आणि पृथ्वीवर सर्वत्र राज्य पसरलेले लोक हेच अब्राहामाला दिलेल्या वचनाचे वारस असले पाहिजेत, ही कल्पना त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गाला गोड वाटावी यात नवल नाही. आयरिश पुराणकथा या मांडणीत नंतर ओढल्या गेल्या.

दुसरी बाजू केल्टिक भाषा आणि हस्तलिखितांच्या अभ्यासकांची आहे. त्यांच्या मते आयर्लंडमध्ये ५व्या शतकात ख्रिस्ती धर्म रुजल्यावर तेथील विद्वान मंडळींपुढे एक अडचण उभी राहिली: जगाचा इतिहास बायबलमध्ये आहे, आणि त्या इतिहासात आयर्लंड कुठेच नाही. मग त्यांनी आपल्या देशाची गोष्ट नोहा, बाबेलचा बुरूज आणि मोशे यांच्या गोष्टीत गुंफली. तिसरी बाजू इंडो-युरोपीय तुलनेची आहे. तिच्या मते केल्टिक कथांचा सर्वांत जुना थर संस्कृत, लॅटिन, ग्रीक इत्यादी भाषा बोलणाऱ्यांच्या दूरच्या समान पूर्वजांकडून आलेला आहे. दुसरी आणि तिसरी बाजू एकमेकींच्या विरोधी नाहीत, कारण एक वरच्या थराबद्दल बोलते आणि दुसरी खालच्या. पहिलीचा मात्र या दोघींशी मेळ बसत नाही.

नावांचे साम्य

पहिल्या बाजूचा सारा डोलारा नावांवर उभा आहे. डॅन्यूब, डॉन, द्नीपर, डेन्मार्क, डंडी आणि डोनेगल या सर्व नावांत ‘द-न’ ही व्यंजने आढळतात. हिब्रू लिपीत मुळात स्वर लिहीत नसल्याने ‘द-न’ म्हणजेच दान, आणि हा वंश जिथून गेला तिथे आपले नाव ठेवत गेला, असा हा युक्तिवाद आहे. त्याला बायबलचा आधार म्हणून शास्ते या पुस्तकातील १८वा अध्याय दाखवतात, ज्यात दानवंशीयांनी लईश नावाचे नगर जिंकून त्याला ‘दान’ हे नाव दिल्याचे सांगितले आहे; तसेच त्याच पुस्तकाच्या ५व्या अध्यायातील ‘दान जहाजांपाशी का राहिला’ अशा आशयाचा प्रश्नही पुढे करतात.

यातील नगराची गोष्ट खरी आहे. गालीलच्या उत्तरेला तेल दान येथे १९६६ पासून अव्राहाम बिरान यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ उत्खनन झाले आणि १९९३ मध्ये तेथेच ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला इ.स.पू. ९व्या शतकातील अरामी शिलालेख सापडला. पण त्यावरून दानवंशीय उत्तरेकडे डोंगराच्या पायथ्याशी सरकले एवढेच दिसते. समुद्रापलीकडे गेल्याचे त्यात काहीही नाही. नद्यांची नावे तर निराळ्याच घरची आहेत. अवेस्ताच्या भाषेत ‘दानु’ म्हणजे नदी, कॉकेशसमधील ओसेटियन या इराणी भाषेत आजही ‘दोन’ म्हणजे पाणी किंवा नदी, आणि ऋग्वेदात ‘दानु’ हा शब्द पाझरणाऱ्या, ओघळणाऱ्या द्रवासाठी येतो. डंडी आणि डोनेगल यांतील पहिला भाग नदीचाही नाही. तो गेलिक ‘दून’, म्हणजे गढी किंवा किल्ला. डोनेगल म्हणजे ‘परक्यांची गढी’. हिब्रू ‘दान’ हे नाव न्याय करणे या अर्थाच्या धातूवरून आले असल्याचे उत्पत्तीच्या ३०व्या अध्यायातच राहेलच्या तोंडून आले आहे. स्वर गाळून दोन व्यंजने जुळवण्याची मुभा घेतली, तर शिरोळ तालुक्यातील दानोळीही याकोबाच्या पोराने वसवली असे म्हणता येईल.

असाच दुसरा जोड ‘खुम्री’ आणि ‘कम्री’ यांचा आहे. असिरियन लेखांत इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याला अम्री राजाच्या नावावरून ‘बीत खुम्री’ म्हटले आहे; वेल्सचे लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात; मधला पूल म्हणून काळ्या समुद्राकडील ‘गिमिर्री’, म्हणजे सिमेरियन, उभे केले जातात. परंतु असिरियन लेखनिक ‘खुम्री’ आणि ‘गिमिर्री’ हे शब्द वेगवेगळ्या अक्षरांनी आणि वेगवेगळ्या लोकांसाठी लिहीत होते, आणि गिमिर्री हे त्यांच्या लेखी उत्तरेकडून चढाई करणारे परके होते. खुद्द बायबलमध्येही हे लोक ‘गोमेर’ या नावाने येतात आणि तो गोमेर नोहाच्या याफेथ या मुलाचा मुलगा आहे, म्हणजे नोहाचा दुसरा मुलगा शेम याच्या वंशाबाहेरचा, ज्या वंशात इस्राएल मोडते. ‘कम्री’ हा शब्द तर ‘एकाच मुलखाचे लोक’ अशा अर्थाच्या जुन्या ब्रिटॉनिक शब्दापासून सिद्ध झाला आहे. ‘ब्रिटिश’ म्हणजे हिब्रू ‘बरीत’ (करार) अधिक ‘ईश’ (माणूस) ही व्युत्पत्ती यापेक्षाही कच्ची आहे, कारण हिब्रूच्या रचनेप्रमाणे ‘कराराचा माणूस’ म्हणायचे असेल तर ‘ईश बरीत’ म्हणावे लागते, उलट नव्हे.

मराठी वाचकाला येथे तिसरी बाजू मोहात पाडते, आणि म्हणून तिच्याबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. डानान हे नाव ‘दानू’ या देवीच्या नावाचे षष्ठीरूप मानले, तर वृत्राची माता दानू आणि तिची संतती असलेले दानव लगेच डोळ्यांपुढे येतात. वेल्श कथांतील ‘डोन’ या मातेची मुलेही त्याच रांगेत बसवता येतात. हा जोड आकर्षक आहे, पण त्यात दोन फटी आहेत. आयरिश हस्तलिखितांत प्रथमा विभक्तीतील ‘दानू’ असे रूप मिळत नाही, ते अभ्यासकांनी तर्काने मागे जाऊन बनवलेले आहे. आणि आपल्याकडे दानूची मुले देवांचे शत्रू आहेत, तर आयर्लंडमध्ये ती स्वतःच देवांच्या जागी आहेत. शिवाय सर्वांत जुन्या लेखनात या लोकांचे नाव नुसते ‘तुआथ डे’, म्हणजे ‘देवाचे (किंवा देवांचे) लोक’, असे येते. गंमत अशी की जुन्या आयरिश ख्रिस्ती लेखनात हाच शब्दप्रयोग इस्राएली लोकांसाठीही होत असे, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणूनच पुढे ‘डानान’ जोडले गेले असावे, असे केल्टिक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या शब्दावरून आज हे दोन्ही समाज एकच ठरवले जातात, तो शब्द बहुधा ते वेगळे ओळखता यावेत म्हणूनच आला होता.

ग्रंथ स्वतः काय सांगतो

आयर्लंडच्या उत्पत्तिकथेचा मुख्य ग्रंथ ‘लेबोर गबाला एरेन’, म्हणजे ‘आयर्लंड व्यापल्याचे पुस्तक’, हा ११व्या शतकात संकलित झाला आणि १२व्या शतकातील ‘लेन्स्टरचे पुस्तक’ या हस्तलिखितात तो आपल्यापर्यंत आला. त्यात आयर्लंडवर एकामागून एक आलेल्या लोकांच्या लाटा सांगितल्या आहेत: प्रलयाच्या चाळीस दिवस आधी आलेली नोहाची नात केसेर, मग पार्थोलोन, नेमेड, फिर बोल्ग, तुआहा डे डानान आणि शेवटी स्पेनमधून आलेले मिलचे पुत्र, म्हणजे आजच्या गेल, अर्थात आयरिश, लोकांचे पूर्वज. या पूर्वजांची कहाणी फार मागून सुरू होते. फेनियस फार्साइड हा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियाचा राजा बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा गोंधळ झाल्यावर बहात्तर भाषांचे शिक्षण सुरू करतो. त्याच्या मुलाला इजिप्तचा फारो बोलावून घेतो आणि आपली कन्या स्कोटा देतो. त्यांचा मुलगा गोइडेल ग्लास, ज्याच्यावरून गेल हे नाव. पुढे या घराण्याने इस्राएली लोकांचा पाठलाग करायला नकार दिल्यामुळे त्यांना इजिप्त सोडावे लागते, ते वर्षानुवर्षे भटकतात आणि अखेर एका बुरुजावरून त्यांना दूरवर आयर्लंड दिसते.

गुलामीचा देश, तांबडा समुद्र, अरण्यातील भटकंती आणि वचनदत्त भूमी, सारेच ओळखीचे आहे. पहिली बाजू म्हणते की ही इस्राएली लोकांनी जपलेली स्वतःची आठवण आहे. पण मूळ मजकूर वाचणाऱ्याला तिथेच थांबावे लागते, कारण या ग्रंथाने वंशावळ स्पष्टपणे दिलेली आहे. गेल आणि नेमेडची संतती, जिच्यातच तुआहा डे डानान मोडतात, हे दोन्ही याफेथाच्या मुलाकडून, मागोगाकडून आलेले आहेत. इस्राएल शेमाच्या वंशातला. ग्रंथाच्या लेखकांना आपले पूर्वज इस्राएली होते असे म्हणायचे असते तर त्यांना ते कोणीही अडवले नसते. त्यांनी ते म्हटले नाही. त्यांना शेजारी व्हायचे होते, वारस नव्हे. ज्या ग्रंथावर पहिल्या बाजूची सर्वांत मोठी भिस्त आहे, तोच तिच्या विरुद्ध साक्ष देतो, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातील निर्णायक मुद्दा आहे.

दुसऱ्या बाजूला मात्र येथे पावलोपावली दुजोरा मिळतो. ९व्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात हीच कथा अधिक छोट्या, अधिक कोरड्या रूपात आहे: इजिप्तमध्ये राहणारा एक सिथियन सरदार, तांबड्या समुद्राची घटना, हकालपट्टी, स्पेन आणि मग आयर्लंड. दोन शतकांत कथा कशी वाढत गेली हे त्यामुळे जवळजवळ डोळ्यांनी पाहता येते. स्पेनचा मुक्कामही सेव्हिलच्या इसिडोरसारख्या लॅटिन लेखकांकडून आलेला दिसतो, ज्यांना ‘हायबेर्निया’ (आयर्लंड) आणि ‘आयबेरिया’ (स्पेन) या नावांतले साम्य भावले होते. आयरिश मठांत जुन्या कराराचा अभ्यास किती खोलवर होता, याची साक्ष मोशेच्या नियमशास्त्रातून वेचे काढून तयार केलेला ‘लिबेर एक्स लेगे मोइसी’ हा आयरिश संग्रह देतो. तेव्हा आयरिश कायद्यात किंवा विधिनिषेधात मोशेच्या नियमांची छाया दिसली, तर तिच्यासाठी इ.स.पू. ८व्या शतकातील जहाजांची गरज नाही; पाठांतर करणारे भिक्षू पुरेसे आहेत.

दगड आणि टारा

वस्तुरूप पुराव्यात सर्वांत प्रसिद्ध आहे तो राज्याभिषेकाचा दगड. पहिल्या बाजूची कथा अशी: बेथेल येथे याकोबाने उशाला घेतलेला दगड यिर्मया संदेष्ट्याने यहूदाच्या पाडावानंतर सिद्कीया राजाच्या कन्येसह आयर्लंडला आणला, ती राजकन्या म्हणजे ‘टेआ टेफी’, दगड आयरिश राजांचे प्राचीन पीठ असलेल्या टाराच्या टेकडीवर ‘लिआ फॉल’ म्हणून बसवला गेला, तेथून स्कॉटलंडच्या स्कोनला आणि १२९६ मध्ये पहिल्या एडवर्डने लुटल्यावर वेस्टमिन्स्टरला गेला. कथा देखणी आहे. बायबलमध्ये यिर्मयाला राजाच्या कन्यांसह बळजबरीने इजिप्तमधील तहपन्हेसला नेल्याचा उल्लेख आहे, एवढाच तिचा पाया. त्यापुढचा प्रवास १९व्या शतकात जोडला गेला. आयरिश परंपरेत टेआ ही मिलच्या पुत्रांपैकी एरेमोनची पत्नी आहे आणि टेफी हे निराळ्या स्त्रीचे नाव आहे. दोन बायकांची एक बाई मागाहून केली गेली.

दगडाने मात्र स्वतःची जबानी दिली आहे. भूगर्भशास्त्रज्ञांच्या तपासणीत तो स्कोनच्या परिसरातील वालुकाश्म असल्याचे दिसून आले, आणि बेथेलच्या डोंगराळ भागातला खडक चुनखडीचा आहे. लिआ फॉल म्हणून दाखवला जाणारा उभा दगड आजही टाराच्या टेकडीवरच आहे, त्यामुळे तो प्रवासाला निघाला कधी हाही प्रश्न उरतो. आयरिश ग्रंथाप्रमाणे तर लिआ फॉल उत्तरेकडील फालियास नावाच्या नगरातून आला; तुआहा डे डानान यांनी आणलेल्या चार खजिन्यांत त्याच्यासोबत लूगचा भाला, नुआडाची तलवार आणि दागदाची कढई आहे, याकोब कुठेच नाही. स्कोनचा दगड १९५० च्या नाताळात स्कॉटिश विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टरमधून पळवला, १९९६ मध्ये तो अधिकृतपणे स्कॉटलंडला परत गेला, २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकापुरता लंडनला आला आणि २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. त्याचा खरा इतिहासच इतका रंजक आहे की याकोबाची उशी त्याला लागत नाही.

टारा येथे या कल्पनेची किंमत जमिनीला मोजावी लागली. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश इस्राएलवाद्यांनी ‘राह ऑफ द सिनड्स’ या प्राचीन वर्तुळाकार बांधावर कराराच्या कोशाच्या, म्हणजे मोशेच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या, शोधात खोदकाम केले. विल्यम बटलर येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर या आयरिश साहित्यिकांनी १९०२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले; मॉड गॉन आणि आर्थर ग्रिफिथही विरोधात उभे राहिले. कोश मिळाला नाही, पण पुरातत्त्वदृष्ट्या मोलाचा थर उकरून विस्कटला गेला. पुढे १९५०च्या दशकात शॉन ओ रीर्दन यांनी त्याच जागी शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा तेथे रोमन काळातील वस्तू सापडल्या, म्हणजे रोमन जगाशी संबंध असलेली आयरिश वस्ती. इस्राएलचा मागमूस नाही. शेजारचा ‘ओलिसांचा टेकाड’ हा तर इ.स.पू. ३००० च्याही आधीचा दफनस्तूप आहे, म्हणजे दान आणि याकोब यांच्या कोणत्याही कालगणनेपेक्षा पुष्कळ आधीचा.

भाषा : पहिल्या बाजूचा एकमेव वजनदार मुद्दा

येथे थोडे रेंगाळले पाहिजे, कारण या बाबतीत केवळ हौशी लोक नव्हे, गंभीर विद्वानही बुचकळ्यात पडले होते. बायबलच्या हिब्रूत वाक्याच्या आरंभी क्रियापद येते, आयरिश आणि वेल्शमध्येही तसेच. हिब्रूत ‘ला’ या अर्थाचे अव्यय सर्वनामाशी एकजीव होऊन ‘ली’ (मला) आणि ‘लेखा’ (तुला) असे होते. आयरिशमध्ये ‘अगम’ (माझ्यापाशी) आणि ‘अगत’ (तुझ्यापाशी). ‘त्या माणसाचे घर’ म्हणताना दोन्हीकडे घर आधी येते, आणि निश्चयवाचक उपपद घराला न लागता माणसालाच लागते. स्वामित्व दाखवणारे वेगळे क्रियापद दोन्हीकडे नाही. वेल्श विद्वान १७व्या शतकापासून हे नोंदवत आले, आणि १९०० मध्ये जॉन मॉरिस-जोन्स यांनी वेल्शच्या वाक्यरचनेखाली उत्तर आफ्रिकेतील भाषांशी नाते असलेली एखादी आर्यपूर्व भाषा दडलेली असावी, असे शास्त्रीय भाषेत मांडले. हा तर्क पुढे इतरांनीही उचलला आणि त्यावरील वाद अद्याप पूर्ण शमलेला नाही.

पण या तर्काचे टोक इस्राएलकडे जात नाही. तो खरा मानला, तरी त्यातून केल्ट येण्यापूर्वी बेटांवर राहणारी कोणी अज्ञात माणसे निघतात, इ.स.पू. ७२२ नंतरचे निर्वासित नव्हेत. त्यातही युरोपच्या मुख्य भूमीवरील जुन्या केल्टिक भाषांत, गॉलिश आणि केल्टिबेरियनमध्ये, क्रियापद वाक्याच्या आरंभी ठेवण्याची अशी रीत नाही. म्हणजे ही वैशिष्ट्ये बेटांवरच, बरीच उशिरा घडली. क्रियापद आधी ठेवणाऱ्या भाषा प्रशांत महासागरात हवाईपर्यंत आढळतात, आणि त्यांतल्या कोणाचेही शोमरोनशी नाते नाही. स्वामित्वाचे क्रियापद नसणे हा पुरावा असेल, तर ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे घर आहे’ असे म्हणणारे आपण मराठी लोकही त्यात सामील होतो.

रचनेपेक्षा शब्दसंपत्ती आणि ध्वनिनियम यांची साक्ष जड असते. राजाला आयरिशमध्ये ‘री’, देवाला ‘दिआ’, गाईला ‘बो’, दहाला ‘देख’, शंभराला जुन्या आयरिशमध्ये ‘केड’, घोड्याला ‘एख’, पुरुषाला ‘फेर’. त्यांच्याशेजारी राजन्, देव, गो, दश, शत, अश्व आणि वीर ठेवून पाहावे. मग हिब्रू मेलेख, एल, पारा, एसेर, मेआ, सूस आणि ईश ठेवून पाहावे. संस्कृतशी जुळणी एखाद्या शब्दापुरती नाही: जिथे आयरिशमध्ये ‘क’ किंवा त्यापासून झालेला ‘ख’ आहे, तिथे संस्कृतात ‘श’ आहे, आणि हे दश, शत, अश्व या तिन्हीत सारखेच घडते. अशी नियमबद्धता योगायोगाने येत नाही. हिब्रूच्या बाजूने असा एकही नियम कोणी दाखवलेला नाही.

तिसऱ्या बाजूचे हे यश पाहून हुरळून जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच द्यायला हवी. ‘ड्रुइड म्हणजे द्रविड’ असे वाक्य मराठीतही पुष्कळदा वाचायला मिळते, आणि ते दान-डानान याच जातकुळीचे आहे. ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, या शब्दाच्या उत्तरार्धात ‘जाणणे’ या अर्थाचा, आपल्या ‘विद्’शी सख्खे नाते असलेला धातू आहे, द्रविड या शब्दाशी त्याचा संबंध नाही. १२व्या शतकातील गेराल्ड ऑफ वेल्स याने अल्स्टरमधील एका राज्याभिषेकात पांढऱ्या घोडीचा बळी आणि तिच्याशी राजाचा विधिवत संबंध वर्णिला आहे, ज्याची अश्वमेधाशी तुलना अनेकांनी केली. ती विचार करण्याजोगी आहे. पण गेराल्ड हा आयरिश लोकांना रानटी ठरवायला उत्सुक असलेला साक्षीदार होता, हेही तिच्यासोबत सांगितले पाहिजे. केल्ट हे वैदिक हिंदू होते असा निष्कर्ष या साम्यांतून काढणे म्हणजे लंडनच्या त्या व्याख्यात्यांची चूक पुण्यात येऊन करणे होय.

माणसे कुठे गेली

दुसऱ्या सार्गोनने शोमरोनमधून २७,२९० लोक नेल्याचे त्याच्या लेखांत म्हटले आहे, आणि २ राजे या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात ते हलह, हाबोर, गोजान आणि मेदी लोकांच्या नगरांत वसवल्याचे आहे. ही संख्या उत्तरेकडील राज्याच्या साऱ्या लोकसंख्येची नव्हे. उरलेल्यांपैकी काही दक्षिणेला यरुशलेमकडे सरकले, जे शहर त्याच काळात झपाट्याने वाढल्याचे उत्खननांत दिसते. काही तिथेच राहिले. नेलेल्यांपैकी शोमरोनचे रथी असिरियन सैन्याच्या नोंदींत भेटतात. ते हरवले नाहीत, मिसळून गेले.

आयर्लंडच्या बाजूने पाहावे, तर २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासात रॅथलिन बेटावरील कांस्ययुगीन पुरुषांच्या अवशेषांत काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पसरलेला वारसा आढळला, आणि त्यांचे आजच्या आयरिश लोकांशी जवळचे साम्य दिसले. त्यांतील सर्वांत जुना माणूस इ.स.पू. २००० च्या सुमाराचा आहे. आयरिश लोकसंख्येची मुख्य घडण शोमरोन पडण्याच्या हजारएक वर्षे आधीच झालेली होती.

अशा दाव्याला कोणता पुरावा पेलतो, हे तपासायला कोकणाबाहेर जावे लागत नाही. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज मानले जाणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत; सुंता, आहाराचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी मराठी बोलत, मराठी पोशाखात जपली. १९६४ मध्ये इस्राएलमधील मुख्य रब्बीमंडळाने दीर्घ आंदोलनानंतर त्यांना सर्वार्थाने ज्यू मान्य केले, आणि २०१६ मधील जनुकीय अभ्यासात त्यांच्यात भारतीय आणि मध्यपूर्वेतील ज्यू असे दोन्ही वारसे आढळले. त्यांच्या जहाजफुटीच्या कथेची तारीख आजही कोणी सांगू शकत नाही, पण आचार होता आणि रक्तही होते. ख्रिस्तपूर्व आयर्लंडमध्ये शब्बाथ नाही, सुंता नाही, हिब्रूचे एक अक्षर नाही. उलट डुकराचे मांस तर तेथील पुराणकथांतील मेजवान्यांचा मान आहे.

निवड करताना

ज्याला या कथा कथा म्हणून समजून घ्यायच्या आहेत, त्याने दुसरे स्पष्टीकरण मुख्य धरावे आणि तिसरे हाताशी ठेवावे. देव-दैत्यांचे युद्ध, रुपेरी हाताचा नुआडा, अनेक विद्यांत पारंगत लूग अशा गोष्टी वाचताना तिसरे उपयोगी पडेल. वंशावळी, प्रलय आणि भटकंती वाचताना दुसरे. पहिले स्पष्टीकरण १९व्या शतकातील इंग्लंड समजून घ्यायचे असेल तर जरूर अभ्यासावे, कारण त्याचा परिणाम टाराच्या खोदकामावर थांबला नाही. अमेरिकेत त्याच मुळातून ‘ख्रिश्चन आयडेंटिटी’ नावाचा वंशवादी पंथ फुटला, ज्याने गोऱ्यांना खरे इस्राएली ठरवले आणि ज्यूंनाच त्यातून हद्दपार केले.

ही निवड वाचनात किती फरक करते, हे एका प्रसंगावर पाहता येईल. लेबोर गबालामध्ये लहानग्या गोइडेलला साप चावतो. त्याला मोशेकडे नेतात. मोशे आपली काठी जखमेवर टेकवतो, पोर वाचते, पण जखमेच्या जागी हिरवा डाग राहतो, आणि म्हणून तो गोइडेल ‘ग्लास’, म्हणजे हिरवा. त्याची संतती जिथे राहील तिथे साप नसतील, असा आशीर्वादही मोशे देतो. पहिल्या चौकटीत हा प्रसंग रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. दुसऱ्या चौकटीत दिसतो तो एक भिक्षू, ज्याच्या बेटावर खरोखरच साप नाहीत, ज्याच्यापुढे निर्गमाचे पुस्तक उघडे आहे, आणि जो त्या दोन्हींची गाठ एका मुलाच्या मानेवरच्या हिरव्या डागाने बांधतो आहे. मुलाचे आईवडील, त्याने नीट लिहून ठेवल्याप्रमाणे, फारोची कन्या आणि सिथियाचा राजपुत्र.